दूरच्या यानांशी बोलणारी अँटेना केंद्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोल अंतराळ म्हणजे नेमकं किती दूर?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांत ही सीमा पृथ्वीपासून २० लाख किलोमीटरवर धरली आहे. फ्रीक्वेन्सी वाटून देण्यासाठी ती आखलेली आहे, निसर्गात तिथे काही बदलत नाही. या व्याख्येत चंद्र (सरासरी ३ लाख ८४ हजार किमी) बसत नाही आणि सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ (सुमारे १५ लाख किमी) पण बसत नाही. तरी दोन्हीकडच्या यानांसाठी मोठ्या डिशच लागतात, त्यामुळे केंद्रं तीच वापरली जातात.

आर्वीला उपग्रह भूकेंद्र होतंच की. मग यात वेगळं काय?

जुन्नर तालुक्यातलं आर्वीचं विक्रम भूकेंद्र १९७१ साली सुरू झालं, ते भूस्थिर उपग्रहांसाठी. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि आकाशात जवळपास एकाच जागी दिसतात. मंगळ मात्र पृथ्वीपासून साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. चाळीस कोटी धरले तर अंतर साधारण ११ हजार पट होतं. शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे तोच ट्रान्समीटर आणि तीच अँटेना असली तरी हाती येणारा संदेश १२ कोटी पटींनी क्षीण.

शिवाय ग्रहाजवळचं यान ताऱ्यासारखं उगवतं आणि मावळतं. तासाला १५ अंश या वेगाने डिशला त्याच्यामागे फिरावं लागतं, आणि रोजचे काही तास तरी यान क्षितिजाखाली असतं.

म्हणून जगात तीन ठिकाणी केंद्रं बांधतात का?

हो. नासाच्या डीप स्पेस नेटवर्कची तीन संकुलं आहेत: कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिदजवळ रोब्लेदो दे चावेला आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ टिडबिनबिला. रेखांशाने ती एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर आहेत. एका ठिकाणी यान मावळायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी ते उगवलेलं असतं, त्या सामाईक वेळात काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. १९६३ पासून या जाळ्याचा कारभार कॅलिफोर्नियातली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल, पाहते. नोव्हेंबर २०१७ पासून ज्या संकुलात दिवस असेल तिथले लोक तिन्ही ठिकाणच्या अँटेना चालवतात.

युरोपीय अवकाश संस्थेनेही हाच हिशेब केला आहे: ऑस्ट्रेलियात न्यू नॉर्सिया, स्पेनमध्ये सेब्रेरोस आणि अर्जेंटिनात मालार्गुए, तिन्हीकडे ३५ मीटरच्या डिश. जपानकडे उसुदाची ६४ मीटरची आणि मिसासाची ५४ मीटरची डिश आहे. चीननेही जियामुसी आणि काशगरला केंद्रं बांधली आणि तिसरं थेट अर्जेंटिनात उभारलं. कारण तेच, स्वतःचा देश कितीही रुंद असला तरी पृथ्वी गोल आहे.

एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. नासाच्या तीनपैकी दोन संकुलं उत्तर गोलार्धात आहेत. नासाच्या व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनला वळसा घातला तेव्हा ते दक्षिणेकडे वळलं. आज ते उत्तरेकडच्या संकुलांना दिसतच नाही. त्याला आज्ञा पाठवू शकणारी डिश जगात एकच, टिडबिनबिलाची ७० मीटरची डीएसएस-४३. मार्च २०२० मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद केली तेव्हा जवळपास अकरा महिने व्हॉयेजर-२ ची माहिती लहान डिशवर येत राहिली, पण नेहमीसारख्या आज्ञा पाठवता येत नव्हत्या. मधल्या काळात ऑक्टोबरच्या शेवटी नव्या उपकरणांची चाचणी म्हणून तेवढ्या काही आज्ञा गेल्या.

भारताचं केंद्र कुठे आहे?

बेंगळुरूपासून सुमारे ४० किलोमीटरवर, ब्यालालू गावाजवळ. इस्रोची इस्ट्रॅक ही शाखा ते चालवते. चांद्रयान-१ साठी २००८ मध्ये तिथे १८ मीटर आणि ३२ मीटरच्या दोन डिश उभ्या राहिल्या. ३२ मीटरची डिश गोल रुळावर चाकांनी फिरते आणि एस व एक्स या दोन्ही बँडांत (फ्रीक्वेन्सीच्या ठरलेल्या पट्ट्यांत) काम करते.

केंद्र एकच असल्यामुळे ब्यालालूच्या क्षितिजाखाली यान गेलं की परदेशी मदत लागते. मंगळयानाच्या वेळी नासाच्या तिन्ही संकुलांनी साथ दिली, चांद्रयान-३ च्या वेळी नासा आणि युरोपीय संस्था दोघांनीही. यात कमीपणा काहीच नाही. नासा आणि युरोपही एकमेकांची केंद्रं वापरतात, आणि माहितीची चौकट, म्हणजे बिटांचा ठरावीक गठ्ठा, कशी असावी याचे सामाईक नियम त्यासाठीच केलेले आहेत.

जागा निवडताना काय पाहतात?

चारही बाजूंनी टेकड्या आणि मध्ये खोलगट जमीन. शहरातले मोबाइल टॉवर, रडार, विजेच्या तारांची खरखर टेकड्यांआड राहते. ब्यालालू अशाच बशीसारख्या जागेत आहे. टेकड्या फार उंच असल्या तर उगवतं यान उशिरा दिसतं, म्हणून सुमारे ६ अंशांपर्यंत आकाश मोकळं मिळेल असा मेळ साधावा लागतो. डोक्यावरून विमानांचा मार्ग नको, जमीन खचणारी नको, आणि हवा शक्यतो कोरडी हवी.

व्हॉयेजर-१ चा संदेश किती क्षीण असतो? जरा आकड्यांत सांगा.

डेसिबलमध्ये (१० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट) मांडलं तर हिशेब निव्वळ बेरीज-वजाबाकीचा होतो. २५०० कोटी किलोमीटर अंतर आणि ८.४ गिगाहर्ट्झ फ्रीक्वेन्सी धरू.

यानाचा ट्रान्समीटर सुमारे २० वॅट, म्हणजे १३ डेसिबल-वॅट. यानाच्या ३.७ मीटर डिशमुळे ४८ डेसिबलची भर. वाटेत विरण्यामुळे उणे ३१९. पृथ्वीवरच्या ७० मीटर डिशची अधिक ७४. उरलं उणे १८४ डेसिबल-वॅट. एका वॅटचे एकावर अठरा शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या निम्म्याहूनही कमी शक्ती हाती येते.

आता गोंगाट. रिसीव्हरसकट सगळ्या यंत्रणेचं गोंगाट-तापमान (गोंगाट किती, ते तापमानाच्या आकड्यात) २२ केल्विन धरलं तर प्रत्येक हर्ट्झमागे गोंगाट उणे २१५ डेसिबल-वॅट. दोन्हींतला फरक ३१ डेसिबल. यान सेकंदाला १६० बिट पाठवतं, त्याचे २२ डेसिबल वजा केले की प्रत्येक बिटापाठी ९ उरतात. त्यातला वाटा कॅरिअर लहरीला (माहिती जिच्यावर चढवतात त्या मूळ लहरीला) जातो, थोडं नुकसानीत जातं, आणि व्हॉयेजरच्या त्रुटिसुधार कोडला अडीच डेसिबलच्या आसपास पुरतात. जमतं, पण फार शिल्लक राहत नाही.

आता याच हिशेबात २२ केल्विनच्या जागी साध्या तापमानाचा, ३०० केल्विनचा रिसीव्हर घालून पाहा. ११ डेसिबल गेले. ९ मधून ११ वजा, संपर्क तुटला. डिश तीच, यान तेच. म्हणूनच अशा केंद्रांवरची बरीचशी मेहनत गोंगाट कमी करण्यात खर्ची पडते. डिशचा आकार लोकांच्या नजरेत भरतो, पण निम्मी लढाई थंड डब्यात चालते.

हा थंड डबा म्हणजे काय?

डिशने गोळा केलेली लहर सर्वांत आधी ज्या प्रवर्धकात, म्हणजे लहर मोठी करणाऱ्या उपकरणात, जाते तो लो-नॉइज अॅम्प्लिफायर. त्याच्या पुढे कितीही चांगली उपकरणं लावली तरी पहिल्याच टप्प्यात मिसळलेला गोंगाट काढता येत नाही. म्हणून तो निर्वात डब्यात ठेवून बंद चक्रातल्या हेलियमने १२ ते १५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास, गार करतात.

बिघडतं ते बहुधा हे: डब्याचं निर्वात हळूहळू कमी होतं, हेलियममध्ये तेलाचा किंवा हवेचा अंश शिरून तो आत गोठतो, कॉम्प्रेसरचं थंड पाणी कमी पडतं. डब्यातल्या सर्वांत थंड भागाचं तापमान काही केल्विन चढलं की गोंगाट वाढायला लागतो, त्यामुळे हा आकडा सतत डोळ्यांसमोर असतो. डबा एकदा पूर्ण गरम झाला की पुन्हा गार व्हायला तासन् तास जातात, तेवढ्यात यान मावळलेलं असतं. मोठ्या केंद्रांवर जोडीला दुसरा प्रवर्धक तयार ठेवतात तो यासाठी.

पावसाने काय होतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. पाऊस लहर शोषतो तेव्हा तो स्वतः उष्णतेचं उत्सर्जनही करतो. समजा पावसाने फक्त १ डेसिबल शोषली. शोषणाऱ्या पाण्याचं तापमान २७५ केल्विनच्या घरात असल्यामुळे ते यंत्रणेत सुमारे ५५ केल्विनची भर घालतं. २२ चे ७७ झाले. त्यामुळे १ डेसिबलच्या पावसाचं एकूण नुकसान ६ डेसिबलच्या वर जातं. साध्या ३०० केल्विनच्या रिसीव्हरला तोच पाऊस दोन डेसिबलच्या आतच झोंबला असता. रिसीव्हर जितका थंड, तितका त्याला पाऊस महाग.

एस बँडला पावसाची फिकीर फारशी नसते, एक्स बँडला थोडी, आणि ३२ गिगाहर्ट्झच्या केए बँडला बरीच. म्हणून केए बँडवर माहिती पाठवणाऱ्या मोहिमा दराचं गणित हवामानाच्या आकडेवारीवर बसवतात, आणि पावसात हरवलेल्या चौकटी पुन्हा पाठवता याव्यात म्हणून यानावरची प्रत लगेच पुसत नाहीत.

कोणत्या फ्रीक्वेन्सी वापरतात?

खोल अंतराळासाठी राखलेले पट्टे असे: एस बँडमध्ये वर जाताना २११०–२१२० आणि खाली येताना २२९०–२३०० मेगाहर्ट्झ, एक्स बँडमध्ये ७१४५–७१९० आणि ८४००–८४५०, केए बँडमध्ये खाली येताना ३१.८–३२.३ गिगाहर्ट्झ.

केंद्र पाठवत असताना त्याच डिशने ऐकतं कसं?

डायप्लेक्सर नावाचा फिल्टर दोन्ही फ्रीक्वेन्सी वेगळ्या करतो. पाठवायची शक्ती साधारणपणे २० किलोवॅट असते, आणि ऐकायची वर सांगितलेली, दोन्हींत २२० डेसिबलहून जास्त फरक. डायप्लेक्सर स्वतः थोडा गोंगाट घालतो, म्हणून संदेश अगदीच क्षीण असेल आणि काही पाठवायचं नसेल तर त्याला वगळून नुसतं ऐकण्याचा मार्ग जोडतात. डिशवर एखादा सैल बोल्ट किंवा गंजलेला सांधा असला तर जोरदार ट्रान्समीटर चालू होताच तिथून खरखर उठते. ही तक्रार फक्त पाठवताना दिसते, त्यामुळे शोधायला वेळखाऊ.

सत्तर मीटरचं धूड फिरतं कशावर?

तेलावर. गोल्डस्टोनच्या डीएसएस-१४ डिशचा फिरणारा भाग पोलादी कड्यावर टेकलेला नसतो. दाबाखाली सोडलेल्या तेलाचा जेमतेम पाव मिलिमीटरचा थर मध्ये असतो, आणि त्यावर तो तरंगत फिरतो. कडं कुठेही असमान झालं की थर पातळ होतो आणि धातू धातूला घासण्याची भीती. खालचा भराव तेलाने खराब होत गेला की नेमकं हेच होतं. २०१० मध्ये ते कडं आणि भराव बदलायला सुमारे ४० लाख किलो वजनाचा डोलारा साधारण ५ मिलिमीटर वर उचलून धरावा लागला. काम काही महिने चाललं.

ही डिश १९६६ मध्ये ६४ मीटरची होती, व्हॉयेजर-२ च्या नेपच्यून भेटीसाठी ती १९८८ मध्ये ७० मीटरची केली.

दुसरी दुखरी जागा म्हणजे मध्यातल्या केबल आणि नळ्या. डिश एकाच दिशेने गोल गोल फिरत राहू शकत नाही. वेढा ठरावीक अंशांपर्यंतच बसतो, मग उलट फिरवून तो सोडवावा लागतो. मर्यादा राखणारे स्विच आणि सॉफ्टवेअर असतं, पण सप्टेंबर २०२५ मध्ये हीच डीएसएस-१४ मर्यादेपलीकडे फिरली, केबल आणि नळ्या ताणल्या गेल्या, आग विझवण्याच्या यंत्रणेचे होज तुटून आत पाणी भरलं. एवढी मोठी अँटेना बंद पडते ती अशा साध्या कारणाने.

मग ७० मीटरच्या आणखी का बांधत नाहीत? हल्ली ३४ मीटरच्याच दिसतात.

कारण चार ३४ मीटरच्या डिश जोडल्या की ऐकण्याची ताकद जवळपास एका ७० मीटरइतकी होते. एक बंद पडली तर तीन चालू राहतात, आणि काम नसेल तेव्हा चौघी चार यानांकडे वळवता येतात. नव्या ३४ मीटरच्या डिशमध्ये आरशांच्या मालिकेने लहर खाली जमिनीतल्या खोलीपर्यंत आणतात. रिसीव्हर तिथेच असतो, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीला शिडी चढावी लागत नाही. कॅनबेराला २०१४ आणि २०१६ मध्ये अशा दोन डिश सुरू झाल्या, माद्रिदला २०२१ आणि २०२२ मध्ये.

जोडून ऐकण्याची युक्ती जुनीच. १९८९ मध्ये नेपच्यूनसाठी गोल्डस्टोनच्या जोडीला न्यू मेक्सिकोतल्या २७ रेडिओ दुर्बिणी लावल्या होत्या. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिटांची योजना होती, ती लहान अँटेनावर दहा-वीस बिटांवर आली. नवे कोड, माहिती आकसून पाठवणं आणि अनेक डिश एकत्र जोडणं यांच्या बळावर ती १६० बिटांपर्यंत नेली आणि गुरूची मोहीम पार पाडली.

पाठवण्याच्या बाबतीत मात्र हे इतकं सोपं नाही. चार डिशच्या लहरी अंतराळात एकमेकींशी जुळवणं कठीण, त्यामुळे संकटातल्या यानाला जोरात हाक मारायची तर आजही ७० मीटरच लागते.

नेम किती अचूक लागतो?

३४ मीटरच्या डिशचा झोत एक्स बँडमध्ये सुमारे ०.०६६ अंश रुंद असतो आणि केए बँडमध्ये ०.०१७ अंश. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे डिश थांबली तर एक्स बँडमध्ये झोताच्या मध्यावरचं यान ८ सेकंदांत झोताबाहेर. नेम ०.००६ अंशाने चुकला तर एक्स बँडमध्ये ०.१ डेसिबल जातं, कोणाला कळतही नाही. केए बँडमध्ये त्याच चुकीला दीड डेसिबल मोजावं लागतं.

नेम चुकण्याची कारणं: डिश खाली झुकताना स्वतःच्या वजनाने वाकते, एका बाजूला ऊन पडलं की पोलाद असमान प्रसरण पावतं, वारा ढकलतो. आणि हवेतलं वक्रीभवन. क्षितिजापासून १० अंशांवर ते सुमारे ०.१ अंश असतं, म्हणजे झोताच्या रुंदीपेक्षाही जास्त. हवेचं तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारा केंद्रावरचा सेन्सर बिघडला तर उगवत्या यानावरचा नेम बिघडतो आणि डोक्यावर आल्यावर आपोआप सुधारतो. अशी तऱ्हा दिसली की आधी हवामान केंद्र तपासावं.

उपाय म्हणून ज्ञात रेडिओ स्रोतांवर डिश रोखून चुकांचा नकाशा करून ठेवतात. ट्रॅकिंग चालू असताना नेम यानाभोवती छोट्या वर्तुळात फिरवून शक्ती कुठे वाढते ते पाहतात, त्याला कॉनस्कॅन म्हणतात. सत्तर मीटरच्या डिशमध्ये तर डिशच्या सांगाड्याला अजिबात न टेकणाऱ्या वेगळ्या मनोऱ्यावर एक छोटं अचूक उपकरण असतं. डिश प्रकाशकिरणाच्या आधारे त्याचं अनुकरण करते.

डिशचा पृष्ठभागही असाच. अर्ध्या मिलिमीटरचा सरासरी उंचसखलपणा एक्स बँडमध्ये ०.१ डेसिबलच्या आसपास नुकसान करतो, केए बँडमध्ये जवळपास २.

एक ट्रॅकिंग पास, म्हणजे यान दिसत असतानाचं संपर्काचं एक सत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा चालतो?

यान उगवण्याच्या पाऊण ते एक तास आधी तयारी सुरू होते. यान कुठे असेल, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर दिसेल, याची भाकितं संगणकात भरतात. थंड आकाशाकडे डिश करून गोंगाट-तापमान मोजतात. नेहमीपेक्षा पाच केल्विन जास्त आलं तर तिथेच थांबून कारण शोधावं, यान उगवल्यावर वेळ मिळत नाही. अंतर मोजायचं असेल तर केंद्रातल्या केबल आणि उपकरणांतून जाणारा विलंबही याच वेळी मोजतात, नाहीतर तो यानाच्या अंतरात मिसळतो.

मग उगवतीवर डिश रोखायची. रिसीव्हर क्रमाने पकड घेतो: आधी कॅरिअर, मग तिच्यावर स्वार झालेली दुय्यम लहर म्हणजे सबकॅरिअर, मग बिटांच्या चिन्हांची लय, शेवटी कोड उलगडून पूर्ण चौकटी. कॅरिअरच दिसत नसेल तर तपासायच्या गोष्टी याच क्रमाने: भाकितं आजची आहेत ना, पोलरायझेशन (लहर फिरण्याची दिशा) उजवं की डावं, कारण उलट जोडलं तर २० डेसिबलहून जास्त जातात, आणि भाकीत एकेरी संपर्काचं आहे (यान स्वतःच्या फ्रीक्वेन्सीवर पाठवतं) की दुहेरी (केंद्राची लहर मिळून ती परत पाठवतं). कॅरिअर आहे पण चौकटी येत नाहीत, तर यानाने दर बदलला असण्याची शक्यता पहिली.

यान साधारण १० अंशांवर आलं की ट्रान्समीटर सुरू. त्याहून खाली पाठवत नाहीत, कारण झोत जमिनीवरच्या माणसांच्या अंगावर जाऊ नये. फ्रीक्वेन्सी हळूहळू सरकवत यानाच्या रिसीव्हरची पकड घेतात. पकड मिळाली की यान मिळालेल्या लहरीला ठरावीक गुणोत्तराने गुणून परत पाठवतं, एक्स बँडमध्ये ८८०/७४९. त्या क्षणी खाली येणारी फ्रीक्वेन्सी अचानक बदलते आणि केंद्राची पकड सुटते. हा बिघाड नाही. प्रकाशाला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेनंतर तो होणारच, म्हणून ती वेळ आधीच लिहून ठेवतात.

शेवटी मोजमापं जपून ठेवणं आणि आवराआवर, पंधरा मिनिटं.

व्हॉयेजर-२ ला आज्ञा पाठवणं अवघड का?

१९७८ मध्ये त्याचा मुख्य रिसीव्हर गेला. पर्यायी रिसीव्हरमध्ये फ्रीक्वेन्सीचा पाठलाग करणारा एक कपॅसिटर निकामी झाला. तेव्हापासून ते यान फक्त सुमारे १०० हर्ट्झच्या खिडकीत ऐकतं. खिडकी रिसीव्हरच्या तापमानानुसार सरकते, आणि पृथ्वीच्या फिरण्याने येणारा डॉप्लर बदल (वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे ट्रान्समीटरची फ्रीक्वेन्सी क्षणोक्षणी अशी बदलत न्यावी लागते की यानापाशी पोहोचताना ती स्थिर भासावी. आज्ञांचा दर सेकंदाला १६ बिट.

यान दुसरीकडेच तोंड करून बसलं तर?

जुलै २०२३ मध्ये हेच घडलं. चुकीच्या आज्ञेमुळे व्हॉयेजर-२ ची अँटेना पृथ्वीपासून २ अंश वळली आणि संपर्क तुटला. आधी त्याची कॅरिअर लहर पकडून यान जिवंत असल्याची खात्री केली, मग टिडबिनबिलाहून पूर्ण शक्तीने तोंड वळवण्याची आज्ञा पाठवली. आज्ञा जायला साडेअठरा तास, उत्तर यायला तितकेच. ४ ऑगस्टला माहिती परत येऊ लागली. हे जमलं नसतं तरी यान ठरावीक काळाने आपली दिशा आपोआप पुन्हा लावतं, आणि तशी पुढची वेळ ऑक्टोबरमध्ये होती.

यानाचं अंतर आणि वेग केंद्रावरून कसा कळतो?

वेग डॉप्लरवरून. ८.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला १ किलोमीटर वेगाने २८ किलोहर्ट्झ फरक पडतो, आणि सेकंदाला ०.१ मिलिमीटर इतका सूक्ष्म वेग मोजायचा तर हर्ट्झचा सुमारे साडेतीनशेवा भाग ओळखावा लागतो. यासाठी केंद्रावर हायड्रोजन मेझर हे अतिशय अचूक अणुघड्याळ असतं. खोलीचं तापमान अंशाच्या अंशाने हललं तरी ते रागावतं, त्यामुळे त्याची खोली वेगळी आणि दार शक्यतो बंद.

अंतरासाठी ठरावीक कोड पाठवतात आणि तो यानाकडून परतायला लागलेला वेळ मोजतात. आकाशातली दिशा मोजायला दोन दूरच्या केंद्रांवर एकाच वेळी यान आणि आकाशात त्याच्या शेजारी दिसणारा एखादा क्वासार (खूप दूरचा, जागचा न हलणारा रेडिओ स्रोत) आळीपाळीने ऐकतात. मंगळाच्या कक्षेत शिरण्याआधी मार्ग नक्की करताना हीच पद्धत कामी येते.

यान सूर्याच्या मागे गेलं तर?

सूर्य झोताजवळ आला की गोंगाट भरमसाट वाढतो, आणि सूर्याभोवतीच्या विद्युतभारित वायूमुळे लहर विस्कटते. मंगळ साधारण २६ महिन्यांनी सूर्यामागे जातो. तेव्हा सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण अर्धवट पोहोचलेली आज्ञा न पोहोचलेल्या आज्ञेपेक्षा धोकादायक. मंगळयानाने जून २०१५ मध्ये असा काळ काढला.

मंगळावरच्या गाड्या थेट पृथ्वीशी बोलतात का?

थोडंफार. मोठी माहिती त्या डोक्यावरून जाणाऱ्या कक्षायानाला यूएचएफवर (एक्स बँडपेक्षा बऱ्याच कमी फ्रीक्वेन्सीवर) देतात, ते पुढे पाठवतं. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरकडे ३ मीटरची डिश आणि १०० वॅटचा एक्स बँड ट्रान्समीटर आहे, गाडीवर एवढं वजन आणि वीज कुठून आणणार?

नारायणगावजवळच्या जीएमआरटीचा या कामाशी काही संबंध आहे का?

आहे, पण पाहुणा म्हणून. खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटरच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण आहे. ती फक्त ऐकते, पाठवत नाही, आणि साधारण दीड गिगाहर्ट्झच्या खालीच काम करते, त्यामुळे एक्स बँड तिच्या आवाक्यात नाही. पण १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याची यूएचएफ लहर, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची, खोडदला थेट पकडली गेली. लहर उतरण्याआधीच थांबली, आणि काहीतरी बिनसल्याचा पहिला इशारा त्यातून मिळाला. यान आदळलं होतं.

हरवलेलं यान ही केंद्रं शोधू शकतात का?

यान गप्प असलं तरी रडारने. चांद्रयान-१ शी ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला. २०१६ मध्ये गोल्डस्टोनच्या ७० मीटर डिशने चंद्राच्या ध्रुवावर सूक्ष्मलहरींचा झोत टाकला, ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने प्रतिध्वनी ऐकला, आणि दीड मीटरच्या त्या घनाकार यानाची कक्षा पुन्हा सापडली.

घराच्या गच्चीवरून काही ऐकता येईल का?

मंगळ जवळ असताना त्याच्या कक्षेतल्या यानाची कॅरिअर लहर, हो. साधारण दोन मीटरची भरीव डिश, ८.४ गिगाहर्ट्झचा वर्तुळाकार पोलरायझेशनचा फीड (डिशने एकवटलेली लहर टिपणारा भाग), चांगला प्रवर्धक, सॉफ्टवेअर रेडिओ, आणि जीपीएसला बांधलेला फ्रीक्वेन्सी संदर्भ. यानाची दिशा आणि वेग जेपीएलच्या होरायझन्स सेवेवरून फुकट मिळतात. डॉप्लर आधीच वजा करून एक-दोन हर्ट्झच्या पट्ट्यांत काही मिनिटं सरासरी काढली की पडद्यावर रेघ उमटते. त्यातली माहिती उलगडणार नाही, ती आशा ठेवू नये.

बहुतेकांचं अडतं ते दोन ठिकाणी: स्वस्त एलएनबीचा (डिशवरच्या प्रवर्धक-डबीचा) आंदोलक गच्चीवरच्या उन्हात किलोहर्ट्झने सरकतो, आणि दोन मीटर डिशचा झोत एक्स बँडमध्ये १.२ अंशांच्या आतच असतो, त्यामुळे आधी सूर्यावर नेम लावून पाहिल्याशिवाय मंगळ सापडत नाही. सूर्यावर रोखताना फीडपाशी चकचकीत डिशची उष्णता एकवटते, म्हणून डिश न चकाकणाऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवून घ्या. व्हॉयेजर ऐकायचं तर मात्र मोठी डिश हवी. जर्मनीत बोखुमच्या २० मीटरच्या आणि नेदरलँड्समध्ये ड्विंगेलोच्या २५ मीटरच्या डिशवर हौशी मंडळींनी व्हॉयेजर-१ पकडलं आहे.

लेझर आल्यावर या डिश मोडीत निघतील का?

नासाच्या सायकी यानावरच्या लेझर-संपर्काच्या चाचणीत डिसेंबर २०२३ मध्ये ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून सेकंदाला २६ कोटी ७० लाख बिटांनी व्हिडिओ आला, तो पालोमारच्या ५ मीटर दुर्बिणीने टिपला. रेडिओला हा दर झेपत नाही. पण ढग आला की लेझर बंद, आणि नेम रेडिओपेक्षा कितीतरी बारीक. यान गरगरत असेल, सोलर पॅनल वळलेलं असेल, बॅटरी उतरत असेल, तेव्हा ते साध्या छोट्या अँटेनावर सेकंदाला दहा बिटांनी कण्हतं, आणि ते ऐकायला जमिनीवर मोठी, थंड डिशच लागते.